‘पीटेन शाबूत’

बडोद्यातील ज्या लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तिथे रुग्ण दिसत नाही. दिसतो पॅराफिनचा ब्लॉक आणि सोबतची चिठ्ठी, जिच्यावर वय आणि ‘अंगावरून जास्त जाते’ यापलीकडे काही लिहिण्याची तसदी पाठवणारे डॉक्टर सहसा घेत नाहीत. दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा नमुना असाच आला. पीटेन या गाठी रोखणाऱ्या प्रथिनासाठी केलेल्या आयएचसीत (अँटीबॉडीने प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीत) गाठीतील पेशी आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर सारखेच तपकिरी रंगले होते. अस्तर कोरे राहिले असते, तर अँटीबॉडीवर किंवा फॉर्मॅलिनमध्ये नीट न मुरलेल्या नमुन्यावर संशय घेता आला असता. इथे तशी जागाच नव्हती. सहकाऱ्यांनी ‘पीटेन शाबूत’ असे लिहून प्रकरण बंद केले.

दुसऱ्या मतासाठी ब्लॉक न्यायला काकू स्वतः आल्या. बोलताना त्यांच्या हिरड्यांवर साबुदाण्याएवढे खडबडीत दाणे दिसले. थायरॉइड गाठींमुळे आधीच काढलेले होते. मी परवानगी मागून डोक्याला टेप लावली, तर घेर 60 सेंटीमीटर. (‘मला हेल्मेट कधी मिळतच नाही हो,’ त्या हसून म्हणाल्या.) स्त्रियांत 58 हा आकडासुद्धा काउडेन सिंड्रोमच्या, म्हणजे पीटेनच्या जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या, निकषात बसतो.

पेशीच्या आवरणात पीआय-3-कायनेज हे एन्झाइम पीआयपी-2 या स्निग्ध रेणूच्या इनोसिटॉल वलयावर तिसऱ्या जागी फॉस्फेट चढवते. त्यातून बनलेल्या पीआयपी-3 ला एकेटी हे प्रथिन येऊन चिकटते आणि पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा, मरण टाळण्याचा हुकूम सुटतो. पीटेन तोच फॉस्फेट उतरवते. 1998 मध्ये माएहामा आणि डिक्सन यांनी हे दाखवेपर्यंत ते प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारे एन्झाइम असावे, अशीच अटकळ होती.

मी कर्करोगतज्ज्ञांना फोन केला. ‘पण तुमच्याच रिपोर्टात शाबूत आहे ना?’ हे त्यांनी ऐकवलेच. तरी जनुकतपासणी झाली. पीटेनमध्ये 129 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामेट निघाले. हा बदल जुना परिचित आहे: एन्झाइम तयार होते, प्रथिनांवरचे फॉस्फेट काढूही शकते, पण पीआयपी-3 वरचा फॉस्फेट त्याला उतरवता येत नाही. अँटीबॉडीला मात्र प्रथिन सापडते आणि स्लाइड रंगते.

जे दिसले तेच लिहिले, असे सहकारी म्हणतात, आणि ते खरे आहे. मला चीड येते ती ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने छापलेल्या आमच्या फॉर्मची. काकूंच्या मुलीत हा बदल उतरला असण्याची शक्यता निम्मी आहे; उतरला असल्यास स्तन आणि थायरॉइडची नियमित तपासणी लवकर सुरू करावी लागेल. आईच्या पहिल्या रिपोर्टावर बोट ठेवून तिने रक्त देणे पुढे ढकलले आहे.