वडील

रात्री साडेनऊला भांडी आवरली की मी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून बसते, कारण रेंज तिथंच येते, आणि तिकडे स्कॉटलंडात तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. पार्ट टाइम कोर्स आहे, घरबसल्या, विषय प्रेस्बिटेरियन चर्चचा, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या ख्रिस्ती पंथाचा वारसा. सासूबाईंना हे नाव जमत नाही, त्या शेजारणीला सांगतात, "चर्चचं काहीतरी शिकून राह्यली." मग शेजारीण हळूच मला विचारते, "धर्म बदलवून राह्यली काय वो?" नाही बाप्पा, इतिहास आहे तो. फी ऐकून नवरा मात्र जो गप्प झाला तो त्या विषयावर अजून गप्पच आहे.

हा नाद लागला टाकळघाटमुळे. बुटीबोरीजवळचं गाव, माझं माहेर तिकडचंच. तिथं मोठमोठ्या दगडांची जुनी वर्तुळं आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्यावर बसून बोरं खायचो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, पण ज्यांचं नाव त्याला आहे ते स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३च्या सप्टेंबरात हेच दगड पाहून घोड्यावरून परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले, हे मला दोन लेकरं झाल्यावर कळलं.

हिस्लॉप १८४५ला नागपुरात आले ते फ्री चर्चतर्फे. फ्री म्हणजे फुकट नाही हं. तिकडे गावाचा पाद्री कोण हे जमीनदार ठरवायचा, लोकांना पटो न पटो, आपल्याकडच्या मालगुजारासारखंच म्हणा ना. तर १८४३ला साडेचारशेहून जास्त पाद्री उठले, पगार सोडला, चर्चनं दिलेलं राहतं घर सोडलं आणि वेगळी मंडळी काढली. पगाराचं ठीक आहे, पण घर? त्यांच्या बायका ट्रंका भरताना काय बोलल्या असतील यावर आमच्या धड्यात एक ओळ नाही.

प्रेस्बिटर हा शब्द ग्रीक, आणि मराठी बायबलात त्याला चक्क 'वडील' म्हटलंय. मंडळीचा कारभार वडिलांची बैठक पाहते, तिच्यावर मोठी बैठक, तिच्यावर आणखी मोठी, बिशप नाहीच. (१९७०ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात हे वडीलवाले आणि बिशपवाले एकत्र आले, ते कसं जमवलं हा पुढच्या सत्राचा विषय.) मी म्हटलं, हा तर आपला पारच झाला. पारावर बाई बसत नाही तशी तिकडेही बसत नव्हती, चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बायकांना वडील व्हायला १९६६ उजाडलं. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या वाती वळता वळता म्हणाल्या, "मंग तिले वडील म्हणत का माय?"

सध्या असाइनमेंट चालू आहे ती टोकनवर. पूर्वी स्कॉटलंडात प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीआधी, वडील लोक माणसाची वागणूक आणि धर्माचं ज्ञान तपासून त्याला शिशाचा बिल्ला द्यायचे, नखाएवढा, त्यावर गावाची अक्षरं नाहीतर साल. बिल्ला दाखवला तर भाकरीच्या मेजावर जागा, नाहीतर रहा बाहेर. हे वाचलं आणि मला खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट आठवला. कापसाच्या गाडीचं टोकन होतं खिशात, चुरगळलेला कागद, त्यावर नुसता नंबर, त्याच्यासाठी पठ्ठ्या पहाटे तीनला उठून रांगेत गेला होता.

मी ते टोकन पोळपाटावर सरळ केलं आणि असाइनमेंटला जोडायला फोटो काढत होते तेवढ्यात तो उठला. कोर्स सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं त्याबद्दल तोंड उघडलं.

"हे नको पाठवू तिकडे," म्हणाला, "उद्या गाडी लावायची हाय."