हेलिपॅडच्या ड्युटीवर : माझा अनुभव

रुग्णालयाच्या आवारात हेलिपॅड बांधून झालं आणि देखभाल विभागातल्या काही जणांची त्यासाठी निवड झाली. त्यात मी होतो. शिकवायला आलेले निवृत्त पायलट पहिल्या दिवशी पॅडवर गेलेच नाहीत. आधी गाडीतळ, मग भंगाराचा कोपरा, मग धोबीघरामागची दोरी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "इथून काय काय उडेल?"

खोकी, ताडपत्र्या, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, वाळत घातलेल्या चादरी... यादी वाढत गेली. हेलिकॉप्टर हवेत राहतं ते हवा जोराने खाली ढकलून. ती हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि यंत्र जितकं जड तितका तिचा जोर जास्त. मार्च 2022 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे बचावकार्याचं मोठं हेलिकॉप्टर रुग्णालयाच्या पॅडवर उतरताना शेजारच्या गाडीतळातली माणसं या वाऱ्याने कोसळली. एका वृद्धेचा त्यात जीव गेला. हेलिकॉप्टर मात्र सुखरूप उतरलं होतं! हे ऐकल्यावर मला पॅडपेक्षा कुंपणाबाहेरची जागा जास्त महत्त्वाची वाटू लागली. आजही वाटते.

मी विचारलं, "एवढा लांबून तिरका यायचा खटाटोप कशाला? सरळ वरून खाली का उतरत नाही?" कॅप्टन हसले. पुढचा वेग जवळजवळ नसताना भराभर खाली आलं, तर हेलिकॉप्टर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवला तरी ते खालीच जात राहतं. म्हणून येण्याजाण्याची वाट मोकळी हवी: झाडांचे शेंडे, तारा, क्रेन काहीही आड येता कामा नये.

पॅडच्या कडेची उचललेली फरशी त्यांनी बुटाने दाबून दाखवली. टेकताना आडवं सरकणारं हेलिकॉप्टर अशा कडेला अडकलं, तर त्याच टेकूवर ते कलंडू शकतं, आणि एका मर्यादेपलीकडे पायलटच्या हातात काही उरत नाही. ती फरशी त्याच आठवड्यात बसवून घेतली.

उतरल्यावरही धोका संपत नाही. 1977 साली न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर प्रवासी चढत असताना उभ्या हेलिकॉप्टरचा एक पाय मोडला, ते कलंडलं आणि फिरत्या पात्यांनी गच्चीवरच्या चौघांचा बळी घेतला. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून आणखी एक जण गेला. त्यामुळे पंखा फिरत असताना पायलटची खूण झाल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. जायचं तेही समोरून, त्याच्या नजरेत राहून, वाकून. शेपटीकडे कधीच नाही, कारण तिथला छोटा पंखा वेगात असताना दिसतच नाही. मोठा पंखा मंदावला की सगळ्यांना हायसं वाटतं, पण तेव्हाच पाती खाली झुकतात आणि वाऱ्याच्या झोताने आणखी खाली येऊ शकतात.

सराव रिकाम्या स्ट्रेचरवर झाला. सलाइनचा उंच स्टँड न्यायचा नाही, पिशवी रुग्णाजवळ आडवी ठेवायची. चादर पट्ट्यांखाली घट्ट खोचायची, टोपी खिशात. नर्सबाईंनी उशी बाहेरच काढून ठेवली. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिलं खरं हेलिकॉप्टर आलं तेव्हा माझं काम आकाशाकडे बघायचं नव्हतंच. मी गाडीतळाकडे तोंड करून उभा होतो, कारण मोबाइल उंचावून पुढे सरकणारी माणसं तिथून येतात. दोघांना मागे हटवलं. पाठीवर वाळूचा मारा बसला, तेवढ्यावरून कळलं की यंत्र टेकलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पॅडलगतची गाड्यांची रांग कायमची बंद करून घेण्यात. व्यवस्थापनाला जागा सोडवत नव्हती. कॅप्टनच्या लेखी अहवालानंतर साखळी लागली. आता रोज कुणी ना कुणी "पाचच मिनिटं लावतो" म्हणून हुज्जत घालतं. मी ऐकून घेतो, साखळी काढत नाही.