तुमच्याकडचंच ना हे

शनिवार, ५ एप्रिल २०२५

चर्चमधल्या त्या बाई वाईट काहीच म्हणाल्या नाहीत. उलट कौतुकच करत होत्या. "किती भरभर ओवलीस गं! बरोबर आहे, तुमच्याकडचंच ना हे सगळं? माळ, जप, श्वास, शांत बसणं. तुझ्या रक्तातच असणार." आणि माझा हात हातात घेऊन दाबला. सकाळी साडेदहाची गोष्ट. आता रात्रीचे बारा वाजत आलेत, हे कधीच झोपलेत, आणि ते वाक्य कुसळासारखं अजून टोचतंय. दिसत नाही, सापडत नाही, पण आहे.

आज बॉस्टनमधल्या आमच्या चर्चमध्ये लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, क्वाएट डे होता, मौनाचा दिवस. पॅरिश हॉलमध्ये लॅबिरिंथचं, म्हणजे प्रार्थना करत चालायच्या वळणावळणाच्या वाटेचं, भलंमोठं कॅनव्हास अंथरलं होतं, घड्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि माणसं मोजे घालून त्यावर हळूहळू चालत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलने १९९१ मध्ये फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या फरशीवरचा हा नमुना उतरवून घेतला, तेव्हापासून तो इकडच्या एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, चर्चेसमध्ये पसरत गेला. एकच वाट. वळणं घेत मध्यावर नेते आणि तीच बाहेर आणते. छोट्या चॅपलमध्ये वीस वीस मिनिटं मौनाची प्रार्थना चालू होती. मनात एक पवित्र शब्द धरायचा, विचार भरकटले की पुन्हा त्या शब्दाकडे यायचं. १९७० च्या दशकात इथून तासाभरावरच्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात या पद्धतीची घडी बसली. मठ कॅथलिक, पण आमच्याकडे ती आता घरचीच झाली आहे.

आणि खिडकीजवळच्या टेबलावर माळा. थाळ्यांतून रंगीत मणी, तारेची गुंडाळी, दोन पकडी. एकूण तेहतीस मणी, प्रभूच्या आयुष्याची तेहतीस वर्षं. सात-सात मण्यांचे चार आठवडे, त्यांच्यामध्ये क्रुसाचे चार मोठे मणी, सुरुवातीला एक, आणि टोकाला क्रूस. ही माळ १९८० च्या दशकात टेक्सासमधल्या एका एपिस्कोपल गटाने बसवली. मी जांभळे मणी घेतले, लेंट म्हणून. मधले चार लाकडी. हात भराभर चालले, कारण नाताळात देवळासाठी झेंडूच्या माळा ओवायचं काम आम्हा मुलींकडेच असायचं. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही, सवयीचा आहे. एवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं का? कोण जाणे. मी हसले आणि थँक्यू म्हणाले.

आमच्या घरात माळ ही साधी गोष्ट नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ उतरवली. आमच्या घराण्याचा इतिहास तिथून सुरू होतो, त्याच्या आधीचं कोणी बोलत नाही. पणजीने ती माळ फेकू दिली नाही म्हणतात, पत्र्याच्या डबीत फडक्यात गुंडाळून ठेवली. आत्याने लहानपणी पाहिलीय. पुढे डबीचं काय झालं, हे आबांना विचारायची कोणाची टाप नव्हती. आबांसमोर उदबत्तीचं नाव काढलं तरी कपाळावर आठी यायची. ते सगळं आपण मागे टाकून आलो, एवढंच ते म्हणायचे. बाकी जे होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर.

जे उतरवायची किंमत एका माणसाने गाव आणि भाऊबंद गमावून चुकवली, ते इतक्या वर्षांनी बॉस्टनमध्ये माझ्या हातात ठेवून कोणी प्रेमाने म्हणतं, तुमच्याकडचंच ना हे. हो म्हणू की नाही म्हणू?

आणि शांत बसणं! आमचा लेंट कधी शांत होता? संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थना. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, पेटी, ढोलकी, झांजा. गाणं संपलं की पाळकसाहेब म्हणायचे, आता सर्वांनी प्रार्थना करू या, आणि सगळे एकदम मोठ्याने सुरू. कोणी आजाऱ्यासाठी, कोणी मुलाच्या नोकरीसाठी, आई डोक्यावरचा पदर सावरत कर्जासाठी. त्या गलक्यात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणूनच तर मनातलं बोलता यायचं. मी देवाशी पहिल्यांदा खरं बोलले ते त्या गोंगाटात. चॅपलमध्ये वीस मिनिटं डोळे मिटून बसले की मला रेडिएटरचा आवाज ऐकू येतो आणि चर्चमधल्या बुधवारच्या सूपच्या जेवणाची यादी आठवते. बाकीच्यांना काय येतं ते नंतर वर्तुळात सांगतात. काय काय सुंदर सांगतात. मी मान डोलावते.

खूप एकटं वाटलं आज. पुण्यात शाळेत असताना बाईंनीसुद्धा विचारलं होतं, तुम्ही घरी इंग्रजीच बोलता ना? आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी धड इंग्रजी बोललेलं नव्हतं. गणपतीत मैत्रिणी म्हणायच्या, तुला चालेल का गं प्रसाद? इथे आले तर म्हणतात तुझ्या रक्तात ध्यान आहे. तिकडे मी पुरेशी तिकडची नव्हते, इकडे मी जरा जास्तच तिकडची. माझ्याकडचं नेमकं काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे, मला सोडून. लिहिताना पुन्हा रडू आलं, जाऊ दे.

पण दुपारी जे झालं तेही लिहायला हवं.

बाराच्या प्रभुभोजनाला आमच्या प्रीस्टबाईंनी सांगितलं, आज पंडिता मेरी रमाबाईंचं स्मरण. ५ एप्रिल १९२२, त्यांचा स्मृतिदिन. एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत त्यांची नोंद आहे, मला माहीत होतं, पण आज शनिवार, क्वाएट डे आणि रमाबाई असं सगळं एकत्र येईल हे लक्षातच नव्हतं आलं. विधवांचं काम, दुष्काळातल्या मुली, केडगाव, असं चार वाक्यांत सांगून झालं. आजूबाजूला सगळे आदराने ऐकत होते. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या आवारात उभी राहिलेली त्या खोलीत मी एकटीच असणार.

त्यांनी सांगितलं नाही ते माझ्या मनात चालू झालं. ही बाई या गावात येऊन गेली आहे! १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आली आणि पुढे दोनेक वर्षं देशभर व्याख्यानं देत फिरली. तिच्या शाळेला पैसा उभा करायला १८८७ च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन निघालं ते बॉस्टनमध्ये, आणि कोप्ली स्क्वेअरच्या ट्रिनिटी चर्चचे रेक्टर फिलिप्स ब्रुक्स त्याच्या उपाध्यक्षांपैकी एक होते. त्या चर्चवरून मी ग्रीन लाइनने जाते-येते, आणि कधी डोकं वर करून हा विचार केला नाही.

रमाबाईंना नसेल का कोणी म्हटलं, तुमच्याकडचंच ना हे? नक्की म्हटलं असणार. त्या तर कीर्तनकार पुराणिकांच्या मुलगी, भागवत मुखोद्गत. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन सिस्टर्सकडे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच सिस्टर्सशी पत्रांतून भांडल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असं सरळ विचारलं. मी काय मानायचं ते दुसरं कोणी ठरवणार नाही, हा एकच सूर त्या पत्रांत आहे. आणि हिंदू धर्मातल्या बाईच्या हालांबद्दल त्यांच्याइतकं परखड कोणी लिहिलं नाही. काय उतरवायचं आणि काय ठेवायचं, दोन्ही त्यांनी स्वतः ठरवलं. आबांना हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आणि केडगावात शांतता? १९०५ मध्ये मुक्ती सदनात धर्मजागृतीची लाट आली तेव्हा शेकडो मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. परदेशातून आलेले पाहुणे आवाजाने चकित झाले. आमच्या सतरंजीवरचा गलका त्याच गणगोतातला असणार, असं मला आज पहिल्यांदा वाटलं. ज्यांच्या नावाने आम्ही आज गुपचूप बसलो होतो त्यांच्या मुली गुपचूप बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

हे आठवून बरं वाटलं. मग पुन्हा ते वाक्य. इतकं सगळं माहीत असताना टोचतंय का?

दुपारच्या मौनात मी चॅपलमध्ये न जाता बाहेर पायरीवर बसले. गार होतं. खिशात माळ होती. तेव्हा नदीकाठच्या मठाची आठवण झाली, केंब्रिजमधला, काळ्या झग्यातल्या ब्रदर्सचा. १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात निघालेला तो संघ. त्याच काउली फादर्सनी गुरुवार पेठेत पंचहौदचं आमचं पवित्र नाम देवालय बांधलं, १८८५ साली. टिळक-रानडे मिशनऱ्यांकडे चहा प्यायले म्हणून गाजलेलं पंचहौद. मौन, एकांतवास, ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, हे सगळं त्या लोकांनी पुण्यात आणलं होतं. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत प्रभूच्या क्रुसावरच्या दोन उद्गारांच्या मधे अख्खं देऊळ गप्प व्हायचं, मांडीवरची पोरंसुद्धा. म्हणजे ही शांतता मला अगदीच परकी नाही. तीही माझ्याकडे आलेली आहे, फक्त त्या बाईंना वाटतं त्या वाटेने नाही.

आणि मग खिशातली माळ बोटांत घेतली. पहिला मणी, दुसरा मणी, प्रभू येशू माझ्यावर दया कर. लाकडी मण्याला अंगठा थांबायचा. बोटं गार पडली होती, मणी हळूहळू कोमट झाले. पुरा वेळ कसा गेला कळलं नाही. सूपची यादी आठवली नाही, रेडिएटर आठवला नाही. मला ती माळ आवडली. फार आवडली.

म्हणून टोचतंय ते. त्यांचं चुकलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण हातांना ते ओळखीचं वाटलं, आणि वाटलं तेव्हा आबांचा चेहरा समोर आला. पणजीला कसं वाटलं असेल डबी बंद करताना, तेही... नको, ते आज नको.

घरी आल्यावर उद्याचा पाठ काढला. लेंटचा पाचवा रविवार, दुसरं वाचन माझ्याकडे आहे. फिलिप्पैकरांस, तिसरा अध्याय. पौल आपली कुळी सांगतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशातला, बन्यामीन कुळातला, इब्र्यांचा इब्री. आणि पुढे म्हणतो हे सगळं मी ख्रिस्तापुढे केरकचरा समजतो. आधीही वाचलाय हा भाग, कधी अडखळले नव्हते. आज स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचला आणि कुळीपाशीच थांबले. पौलाला आपली यादी तोंडपाठ आहे. ठामपणे मोजून दाखवतो आणि मग टाकतो. ज्यांची यादीच मधे तुटलेली आहे त्यांनी काय टाकायचं आणि काय ठेवायचं? तरी पण त्याची घाई आवडते मला. मागचं विसरून पुढच्याकडे धाव घेतो म्हणतो. पोचलो म्हणत नाही.

जेवणं झाल्यावर प्रीस्टबाईंची ईमेल आली. येत्या बुधवारच्या सूपनंतरच्या कार्यशाळेला जे येणार होते ते आजारी आहेत. मी काही घेऊ शकेन का? "तुमच्या परंपरेतलं एखादं ध्यान." तासभर त्या ओळीकडे बघत बसले. आधी वाटलं, नाहीच म्हणायचं. थकले मी लोकांना हवी ती भारतीय बाई होऊन. मग वाटलं, विचारलंय ना त्यांनी? मग ऐकू देत माझ्याकडचं खरं काय ते.

आत्ता उत्तर पाठवलं. ध्यान मला शिकवता येणार नाही, पण आमच्या घरच्या लेंटची एक संध्याकाळ करू. खुर्च्या बाजूला सारून सतरंज्या लागतील, गुडघेदुखीवाल्यांना मागे बाक ठेवू. दोन मराठी गाणी, अर्थ कागदावर छापून देईन. मग सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या भाषेत, मोठ्याने प्रार्थना करायची, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. शेजारच्या इमारतीला आधी कळवून ठेवलेलं बरं. आजच्या माळा कोणाला आणायच्या असतील तर आणा, मी माझी आणणार आहे. सूप म्हणून मसुराची आमटी मी करीन, तिखट बेताचं.

पेटी फ्रॅमिंगहॅमहून आणावी लागेल, ह्यांना उद्या सांगते. गाणी निवडताना हालेलूया नसलेली बघायला हवीत, ईस्टरपर्यंत तो शब्द इथे कोणी उच्चारत नाही. आत्याला विचारलं की ती पटापट चार सांगेल, पण तिकडे रविवार सकाळचे साडेनऊ झालेत, ती देवळात असणार. दुपारी लावते फोन.