ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी हलत नाही तेव्हा

विजेवर चालणाऱ्या मोटारीत ॲक्सिलरेटरचे पेडल मोटरला कोणत्याही केबलने जोडलेले नसते. पेडल किती दाबले गेले हे त्याच्या सेन्सरकडून कंट्रोलरला कळते, आणि ब्रेक, गिअर, चार्जिंग व बॅटरीची स्थिती पाहून चालकाची मागणी मान्य करायची की नाही हे कंट्रोलर ठरवतो. त्यामुळे पेडल दाबूनही गाडी ढिम्म राहिली, तर पेडलच बिघडले असे लगेच धरून चालणे मला घाईचे वाटते.

आमच्या फोंड्यातल्या गाडीला हा त्रास ऐन पावसाळ्यात सुरू झाला. फर्मागुडीचा चढ चढताना पेडल एकाएकी निर्जीव झाले. दिवे, एसी आणि स्टिअरिंग मात्र व्यवस्थित चालू होते. धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेला घेतली आणि बंद करून पुन्हा चालू केली, तेव्हा ती काहीच न घडल्यासारखी निघाली. पुढे असे अधूनमधून होऊ लागले. सर्व्हिस सेंटरने पेडलचा संपूर्ण भाग बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले. नेमके काय बिघडले आहे, या प्रश्नाला मात्र तिथे कोणाकडे उत्तर नव्हते. कारण कळल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही, असे ठरवून मी गाडी घरी आणली.

सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. डॅशबोर्डवर ‘रेडी’चा दिवा लागला आहे का, हे आधी पाहावे; तो नसेल तर दिवे आणि एसीचा पंखा चालू असूनही मोटरला वीज मिळालेली नसते. चार्जिंगची गन लागलेली असेल तर गाडी हलणार नाही. ब्रेकचा स्विच अडकला असेल, तर अनेक गाड्या ब्रेक दाबलेलाच आहे असे समजून ॲक्सिलरेटरकडे दुर्लक्ष करतात, म्हणून ब्रेकवरून पाय काढल्यावर मागचे दिवे विझतात का, हे कोणाला तरी मागे उभे करून पाहावे. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडेही लक्ष द्यावे, कारण कंट्रोलर तिच्यावरच चालतात आणि ती अशक्त झाली की भलभलत्या चुका दिसू लागतात. गाडी बंद करून बराच वेळ झाल्यावर मल्टिमीटर बारा व्होल्टच्या खाली दाखवत असेल, तर पुढचा शोध तिच्यापासूनच करावा. मुख्य बॅटरी फार तापली किंवा उतरली तर ताकद कमी होते, पण तेव्हा गाडी मरगळल्यासारखी चालते आणि बहुधा तशी सूचनाही दाखवते. आमचा बिघाड क्षणात शून्यावर येणारा होता. केशरी आवरणाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना घरी हात लावू नये.

हे सारे ठीक निघाल्यावर गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला, तर त्यात ‘पी २१३८’ हा कोड नोंदलेला होता. पेडलमध्ये एकाच हालचालीची माहिती देणारे दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचा विद्युतदाब दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट ठेवलेला असतो. पेडल कितीही दाबा, हे प्रमाण तेच राहिले पाहिजे. ते बिघडले की कोणता आकडा खरा हे कंट्रोलरला कळत नाही, आणि गाडी भलतीकडे सुसाट सुटण्यापेक्षा ताकद तोडणे किंवा अगदी कमी करणे तो पसंत करतो. हा कोड त्या विसंगतीचा आहे. तो सेन्सर खराब झाल्याचा दाखला नव्हे, कारण तारेतला किंवा कनेक्टरमधला दोषही हीच विसंगती निर्माण करतो.

म्हणून गाडी ‘रेडी’ न करता केवळ स्विच ऑन ठेवून मी पेडल हाताने सावकाश दाबत गेलो आणि स्कॅनरवरचे दोन्ही आकडे पाहत राहिलो. ते एका चालीने चढले आणि उतरले. पेडलमधला सेन्सर झिजलेला असता तर ठरावीक जागी आकडा अडखळला असता. मग पेडल स्थिर ठेवून त्याच्या वरच्या कनेक्टरची तार हलकेच हलवली, तेव्हा एक आकडा एकदम कोसळला, दुसरा जागचा हलला नाही. आमच्या गाडीत दोन्ही सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग वेगवेगळ्या तारांनी मिळतो, त्यामुळे दोष एकाच बाजूच्या जोडणीत आहे हे तिथेच स्पष्ट झाले.

कनेक्टर उघडल्यावर एका पिनेवर हिरवट थर दिसला. पायाखालची मॅट उचलली तर खालचे जाजम ओलसर होते. पाणी आले कुठून, हे शोधायला फारसा वेळ लागला नाही: गाडी फणसाखाली उभी असते, आणि पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीमागे पाणी वाहून जाण्याची जी वाट असते ती कुजलेल्या पानांच्या लगद्याने बुजली होती. तुंबलेले पाणी आत झिरपून वायरिंगच्या गुंडाळीवरून ओघळत थेट कनेक्टरपर्यंत पोहोचत होते. बिघाड रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळीच का होत असे, तेही त्यामुळे उलगडले.

बारा व्होल्टच्या बॅटरीची जोडणी सोडवून ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने काँटॅक्ट क्लीनरने पिना साफ केल्या, सैल झालेली पिन घट्ट केली आणि तारेला कनेक्टरच्या खाली झुकणारा एक झोल दिला, म्हणजे पुन्हा थेंब आलाच तर तो झोलावरून खाली गळेल. “पेडल बदललं असतं तरी पुढच्या पावसात तुम्ही परत आला असता,” असे तो म्हणाला, आणि ते बरोबरच आहे, कारण नवे पेडलही त्याच ओल्या कनेक्टरला जोडले गेले असते. पाण्याची वाट मोकळी केल्यापासून पेडल नीट चालते आहे. त्या पिनेचा मुलामा मात्र झिजला आहे, त्यामुळे तारेकडचा कनेक्टर पावसाळा संपला की बदलून घेणार आहे.