स्खोतरलांड: पाटी नसलेल्या मतदारसंघात दोन दिवस

स्खोतरलांड नावाची पाटी शोधत गेलात तर हात हलवत परत याल. नेदरलंड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला हा ग्रामीण मतदारसंघ १८८८ च्या निवडणुकीत देशभर गाजला आणि १९१८ मध्ये एकसदस्य मतदारसंघांची पद्धतच मोडीत निघाली तेव्हा संपला. त्याच नावाची नगरपालिकाही १९३४ मध्ये हेरेनफेनमध्ये विलीन झाली. स्मारक वगैरे काही उरलं नाही. उरले ते कालवे, पाण्याने भरलेले लांबट खड्डे आणि एक-दोन इमारती. त्या नीट वाचता याव्यात म्हणून आधी थोडा इतिहास.

१८८७ च्या घटनादुरुस्तीने कनिष्ठ सभागृहाच्या जागा १०० झाल्या आणि मतदारांची संख्या दुपटीहून अधिक वाढली. तरीही मत देण्यासाठी पुरुष असणं, वयाची २३ वर्षं पूर्ण असणं आणि ठरावीक कर किंवा ठरावीक घरभाडं भरणं आवश्यक होतं. ‘पुरुष’ हा शब्द घटनेत मुद्दाम घातला गेला, कारण १८८३ मध्ये आलेट्टा याकोब्स या डॉक्टरबाईंनी मतदारयादीत आपलं नाव घालण्याची मागणी केली होती आणि तोवरच्या कायद्यात स्त्रियांना थेट मनाई लिहिलेली नव्हती. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं हवीत. ती कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत फेरमतदान.

मार्च १८८८ मध्ये स्खोतरलांडमधून निवडून आले फेर्डिनांड डोमेला न्यूवेनहाउस. पूर्वी ते लुथरन धर्मोपदेशक होते आणि त्यांची पहिली नेमणूक फ्रीसलंडमधल्याच हार्लिंगन बंदरात होती. १८७९ मध्ये चर्च सोडून त्यांनी ‘रेख्त फोर आलन’, म्हणजे ‘सर्वांना न्याय’, हे पत्र सुरू केलं. त्यात राजाविषयी छापलेल्या एका लेखाबद्दल १८८७ मध्ये त्यांना काही महिने तुरुंगात काढावे लागले. सुटून वर्ष उलटायच्या आत ते देशाचे पहिले समाजवादी खासदार झाले. फेरमतदानात त्यांच्या कामी आले ते अँटी-रेव्होल्युशनरी पक्षाचे कट्टर प्रोटेस्टंट मतदार. त्यांना समोरचा उदारमतवादी उमेदवार नको होता, एवढंच. पीट, म्हणजे दलदलीतून कापून काढलेलं जळण, काढणारे मजूर डोमेलांना फ्रीसलंडच्या फ्रिसियन भाषेत ‘उस फेर्लोसर’, आमचा तारणहार, म्हणत आणि त्यांची तसबीर भिंतीवर लावत. पण त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. तसबीर एका घरात, मत दुसऱ्या घरात. हे डोक्यात ठेवून फिरलात तर हा सपाट, पहिल्या नजरेला कंटाळवाणा वाटणारा मुलूख बोलू लागतो.

जायचं कसं

स्खिपोल विमानतळावरून रेल्वेने हेरेनफेनला साधारण दोन तास लागतात. लेवार्डनला थेट जाणारी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर झ्वोल्लाला बदलावी लागते. फलाटावर शिरताना आणि बाहेर पडताना एकच बँक कार्ड यंत्राला लावा. शिरताना फोन आणि निघताना प्लास्टिकचं कार्ड असं केलं, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात आणि दोन्हींवर दंडासारखी रक्कम कापली जाते. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सायकली स्वस्त दिसतात, पण त्यांना वैयक्तिक डच प्रवासकार्डावर नोंदणी लागते. पाहुण्यांनी गावातल्या सायकल दुकानातून आधी आरक्षण करून घ्यावी, शक्यतो बॅटरीची.

पहिला दिवस: हेरेनफेन आणि ओरान्येवाउड

हेरेनफेन म्हणजे ‘मालकांची पीटची दलदल’. १५५१ मध्ये काही धनिकांनी कंपनी काढून इथली दलदल विकत घेतली आणि पीट बाहेर नेण्यासाठी कालवे खणले. पीट म्हणजे दलदलीत साचत गेलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. कापून वाळवला की जळण. गाव वसलं तेच तीन ‘ग्रीटनाय’ जिथे भिडत त्या कोपऱ्यावर: स्खोतरलांड, एंगविर्डन आणि हास्करलांड. ग्रीटनाय म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. १८५१ च्या कायद्याने त्यांच्या नगरपालिका झाल्या. जुन्या कागदांत एकाच गावाचा पत्ता तीन ठिकाणी लागतो तो म्हणूनच.

गावाच्या मध्यभागी १६४८ ची क्राकस्टेट ही इमारत आहे. ती पूर्वी न्यायालय आणि तुरुंग होती, नंतर नगरपालिकेकडे आली. बाहेरून बघायला पंधरा मिनिटं पुरेत. खरा वेळ राखून ठेवा तो गावच्या संग्रहालयातल्या डोमेला विभागासाठी. माहिती मुख्यतः डचमध्ये असते, त्यामुळे फोनवर भाषांतराचं ॲप आणि त्यात डच भाषा आधीच उतरवून घेतलेली असू द्या. इथली लहान संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि इतर दिवशीही पुष्कळदा दुपारीच उघडतात. वेळा आदल्या दिवशी तपासा.

दुपारी सुमारे चार किलोमीटरवर ओरान्येवाउड. १६७६ मध्ये नासाऊ राजघराण्यातल्या विधवा राजकन्या आल्बर्टीने आखनेस यांनी ही मालमत्ता घेतली. सरळ रांगेतली झाडं, तळी, सावली. इथून काही किलोमीटर पूर्वेला माणसं मातीच्या झोपड्यांत राहत होती. हे अंतर नकाशावर न मोजता सायकलवरून मोजावं, म्हणून पहिल्या दिवशी इथे या.

दुसरा दिवस: कालव्याकाठची फेरी, ४५ ते ५० किलोमीटर

क्रम असा: हेरेनफेन, द क्निपे, बॉन्टेबॉक, युब्बेखा, गोरेडाइक, टाइन्ये, द डेलन, परत हेरेनफेन. रस्ते सपाट आहेत, पण वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. जाताना तो पाठीवर असल्यामुळे आपण फार वेगवान आहोत असं वाटतं आणि येताना उघड्यावर तोच छाती दाबतो. वाऱ्याचा अंदाज जोरदार असेल तर युब्बेखा गाळा, बॉन्टेबॉकनंतर सरळ उत्तरेला वळा. सायकलमार्गांच्या चौकांना आकडे असतात. गावांच्या नावांपेक्षा त्या आकड्यांची यादी कागदावर लिहून हँडलला लावणं सोपं.

द क्निपेपासून पुढे स्खोतरलांडचा कॉम्पान्योन्सफार्ट, म्हणजे ‘भागीदारांचा कालवा’, सोबत करतो. पीट कंपनीच्या भागीदारांनी तो खणला म्हणून हे नाव. गावं कालव्याच्या काठाने दोरीसारखी लांबच लांब पसरलेली दिसतात. आधी कालवा आणि मग काठावर घर, असाच क्रम होता. युब्बेखाच्या बाजूला उंचावरचं, कोरडं कापता येणारं पीट होतं. टाइन्येच्या बाजूला ते पाण्याखाली.

पाण्याखालचं काम अधिक कष्टाचं. लांब दांड्याला लावलेल्या जाळीच्या झोळीने मजूर तळातला चिखल उपसत, तो बाजूच्या पट्टीवर पसरत, पाणी निथळलं की पायाला फळ्या बांधून तुडवत, मग विटांसारखे तुकडे कापून रचून वाळवत. हंगाम वसंतात सुरू होई आणि उन्हाळ्यात संपे, कारण ओलं पीट गोठलं की त्याचा भुगा होतो. मालकाला थंडीच्या आत वाळलेला माल हवा असे, म्हणून मजुरांचं वजन पडे ते हंगामाच्या तोंडाशीच. १८८८ च्या वसंतात इथे संप झाला त्यामागे हेही गणित होतं. मजुरी बरेचदा मालकाच्याच दुकानात खर्च करावी लागे, तिथले दर चढे, आणि हंगाम संपला की उधारी.

गोरेडाइकला जेवणासाठी थांबा. पुढे पर्याय कमी आणि रविवारी तर फारच थोडे. शाकाहारींनी वाटाण्याचं दाट सूप मागवू नये, त्यात डुकराचं मांस असतं. बेकरीतला साखरेचे खडे घातलेला फ्रिसियन पाव चालेल. १८९७ मध्ये स्खोतरलांडमधून निवडून आलेले समाजवादी खेर्ट फान डर झ्वाख याच गावचे. डोमेला मात्र १८९१ मध्ये हरले, संसदेवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि ते अराजकवादाकडे वळले.

वेळ असेल तर टाइन्येआधी नाय बेट्स गावातलं ‘इट डामसहाउस’ हे खुलं संग्रहालय बघा. पीट मजुरांची घरं आणि अवजारं तिथे आहेत. ते हिवाळ्यात बंद असतं.

शेवटी द डेलन हा पाणथळ भाग. नकाशावर कंगव्याच्या दातांसारखं दिसतं: पीट उपसून झालेले पाण्याचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये माल वाळवायला सोडलेल्या चिंचोळ्या पट्ट्या. हावेपोटी पट्ट्या फार अरुंद ठेवल्या की वादळी लाटा त्या खाऊन टाकत आणि खड्ड्यांचं तळं होई. वसंतात पक्ष्यांच्या विणीमुळे काही वाटा बंद असू शकतात. चिखल सोसतील असे बूट आणि डासांचं मलम हवंच.

कागदपत्रं शोधणाऱ्यांसाठी

मतदारसंघ आणि नगरपालिका यांच्या सीमा एक समजू नका, नेहमीची चूक ती हीच. हाउखन्स या डच इतिहास संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर १८४८ ते १९१७ च्या निवडणुकांचे निकाल मतदारसंघानुसार मिळतात. जुन्या सीमांसाठी ‘टोपोटाइडरेस’ या जुन्या नकाशांच्या संकेतस्थळावर वर्ष १९३४ च्या मागे सरकवा. ‘डेल्फर’वर जुनी वर्तमानपत्रं चाळताना आजचं फ्रिसियन नाव नव्हे, तर जुनं डच नाव टाका: ‘द क्निपे’ने काही मिळत नाही, ‘क्नाइपे’ने मिळतं. फेरमतदानासाठी ‘हेरस्टेमिंग’ हा शब्द. हे शब्द रोमन लिपीत टाकावे लागतात, तेव्हा हिज्जे आधी नकाशावरून उतरवून घ्या.

लेवार्डनचं ‘ट्रेसोआर’ हे फ्रीसलंडचं अभिलेखागार हेरेनफेनपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे. डोमेलांची खासगी कागदपत्रं मात्र तिथे नाहीत, ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत आहेत. तिथे आयत्या वेळी जाऊन कागदपत्रांची खोकी मिळत नाहीत. काही दिवस आधी नाव नोंदवून खोक्यांचे क्रमांक कळवावे लागतात, त्यामुळे फ्रीसलंडला निघण्यापूर्वीच मागणी टाका आणि परतीच्या वाटेवर अ‍ॅम्स्टरडॅमला उतरा.