एक वाजता की चार वाजता

17 सप्टेंबर 2024, मंगळवार, अनंत चतुर्दशी. दुपारी एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तीन नंबरच्या मशीनसमोरची खुर्ची रिकामी होती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डायलिसिस टेक्निशियन आहे. त्या खुर्चीवर यायचे होते ते आबा, वय 71, मंगळवार-गुरुवार-शनिवारचे पेशंट.

विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर आमच्या रस्त्यावर गाडी येऊ शकत नाही. म्हणून त्या दिवशीच्या तिन्ही बॅच आम्ही तीन-तीन तास अलीकडे घेतल्या होत्या. सातची पहाटे चारला, साडेअकराची साडेआठला आणि चारची एकला. शुक्रवारीच मी कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांच्या वेळा गूगल कॅलेंडरमध्ये बदलल्या होत्या. बाकीचे आले, आबा नाहीत.

फोन केला तर कुणी उचलेना. घरी आरती चालू असणार. तिसऱ्यांदा लावल्यावर नातवानं उचलला.

“ताई, आबांचं चारला आहे ना? आत्ता जेवायला बसवलंय त्यांना.”

“अरे, एकला आहे आज! कॅलेंडर बघितलं नाहीस का?”

“बघूनच सांगतोय. चारच दिसतंय.”

माझ्या समोरच्या स्क्रीनवर एक होते, त्याच्या मोबाइलवर चार. “असशील तसा नीघ, त्यांना घेऊन ये,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवार ते मंगळवार हा डायलिसिसच्या पेशंटचा आठवड्यातला सगळ्यात मोठा खंड. एरवी मध्ये एकच दिवस मोकळा असतो, इथे दोन. तेवढ्यात अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि हृदयाला धोका असतो तो याच खंडाच्या शेवटी. आबा चारला घरून निघाले असते तर मिरवणुकीत अडकले असते आणि पाळी बुधवारवर गेली असती. एक ते पावणेतीन मी दाराकडे बघत काढले.

शेजाऱ्यांच्या गाडीतून ते आले तेव्हा पायऱ्या चढतानाच दम लागत होता. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 58 किलो, काट्यावर 61. डॉक्टरांनी तपासलं, सिस्टरनी फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेल्या शिरेत, सुया लावल्या आणि तीनच्या सुमारास मशीन सुरू झालं. तासाभरानं त्यांचा श्वास शांत झाला. मग मी नातवाला बाजूला घेतलं आणि त्याचा मोबाइल मागितला.

कारण दोन मिनिटांत सापडलं, आणि ते माझ्याकडेच येत होतं. प्रत्येक पेशंटचं मी वेगळं कॅलेंडर करते, कारण एकाचं नाव दुसऱ्याला दिसू नये. ते घरच्यांच्या मेलवर शेअर करते, फक्त बघण्याच्या परवानगीनं. आलेल्या मेलमधली लिंक त्यांनी दाबली की माझं कॅलेंडर त्यांच्या मोबाइलच्या यादीत दिसतं, आणि मी बदललं की तिथेही बदलतं. आबांच्या नातवाला ती मेल सापडत नव्हती. गर्दीचा दिवस होता. मी त्यांचं कॅलेंडर एक्सपोर्ट केलं आणि सगळ्या नोंदी असलेली ती आयसीएस फाइल त्याला पाठवून दिली. त्यानं ती लॅपटॉपवरून स्वतःच्या गूगल कॅलेंडरात इम्पोर्ट केली. मोबाइलवर 3 सप्टेंबरपासूनच्या तेरा आठवड्यांच्या 39 वेळा दिसायला लागल्या. तो खूश, मी निश्चिंत.

पण इम्पोर्ट म्हणजे त्या क्षणाची नक्कल. फळ्यावरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतल्यावर फळा पुसला तर वहीला काय कळणार? मोबाइलवर दोन्ही दिसतात मात्र अगदी सारखी, आणि हीच खरी भीती आहे. तेच रंगीत चौकोन, तीच अक्षरं, तीच आठवणीची घंटी. फरक बघायचा तर डावीकडची यादी उघडावी लागते. शेअर केलेलं कॅलेंडर तिथे स्वतःच्या नावानं उभं असतं. इम्पोर्ट केलेलं, वेगळं कॅलेंडर करून त्यात घेतलं नसेल तर, घरच्या वाढदिवसांत आणि परीक्षांच्या तारखांत विरघळून गेलेलं असतं.

ते काढायचं कामही तसंच किचकट. प्रत्येक वेळेत मशीनचा नंबर लिहायचा म्हणून मी 39 नोंदी सुट्या केल्या होत्या, साप्ताहिक पुनरावृत्ती लावली नव्हती. मालिका असती तर एका फटक्यात गेली असती. आबांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून तो पोरगा पुढच्या 32 नोंदी एकेक करून काढत होता. मी नव्यानं शेअर केलं आणि या वेळी लिंक माझ्या डोळ्यांसमोर दाबून घेतली. मस्कतला असलेल्या त्याच्या आत्यालाही जोडलं. तिच्याकडे आपल्या चारचे अडीच दिसतात, ते बरोबर आहे, हे फोनवर आधीच सांगितलं.

तिच्याकडे आयफोन होता. त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात शेअर केलेलं गूगल कॅलेंडर आपोआप उतरत नाही. ब्राउझरमध्ये जाऊन सिंकच्या यादीत, म्हणजे कोणती कॅलेंडरं फोनवर उतरवायची त्या यादीत, त्या नावापुढे खूण करावी लागते. ती करून घेतली.

खात्री म्हणून मी कॉम्प्युटरवर गुरुवारचे चार काढून सव्वाचार केले. थोड्या वेळानं नातू म्हणाला, “बदललं ताई!” पण मोबाइल वाजला नव्हता, नुसता आकडा बदलला होता. म्हणजे ज्यानं उघडून बघितलं नाही त्याला शेअर करूनही कळणार नाही. तेव्हापासून वेळ बदलली की मी प्रत्येक घरी फोन करते, आणि ‘किती वाजता यायचं?’ हे त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय ठेवत नाही. सहकारी म्हणतात, मग कॅलेंडर कशाला? मला दोन्ही हवंय.

सातला मशीन थांबलं. बाहेर ढोल-ताशा सुरू झाला होता आणि गाडी निघण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी आबांना रात्री वॉर्डातच ठेवून घेतलं. खिडकीशी खाट ओढून दिली, तिथून मिरवणुकीचे दिवे दिसत होते. मी निघताना त्यांनी हाक मारली.

“पोरी, गुरुवारी किती वाजता?”

“चार वाजता, आबा.”

ते नातवाकडे वळले. “तुझ्यात बघ रे.”

त्यानं मोबाइल उघडला. सव्वाचारचे पुन्हा चार करायचे माझ्याकडून राहून गेले होते. मी परत आत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला.