गिगाबिटचा राउटर ३०० वर का अडकतो

राउटरच्या खोक्यावर छापलेले १००० एमबीपीएस पोर्टचे असतात. केबल आणि स्विच तेवढा वेग पेलतात, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून आलेलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) नॅट करून, म्हणजे त्यावर घरातल्या यंत्राचा पत्ता लावून, लॅपटॉपपर्यंत त्याच वेगाने जाईल का, हे बऱ्याचदा सेटिंगमधल्या एखाद्या टिकवर ठरतं.

मीडियाटेकची एमटी७६२१ घ्या. बजेटातल्या राउटरांमध्ये ही चिप कितीतरी वर्षं दिसते आहे. ८८० मेगाहर्ट्झचे दोन कोअर, प्रत्येकी दोन थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा), पोटातच पाच पोर्टचा गिगाबिट स्विच. १५०० बाइटची भरलेली पॅकेटं सलग आली, तर गिगाबिटला सेकंदाला साधारण ८१,००० होतात. म्हणजे एका कोअरच्या वाट्याला पॅकेटमागे जेमतेम १०,८०० सायकल. तेवढ्यात इंटरप्ट (पॅकेट आल्याची हाक) घ्या, हेडर मेमरीतून आणा, फायरवॉलचे नियम तपासा, पत्ता आणि पोर्ट नंबर (केबलचा पोर्ट नव्हे, कनेक्शन ओळखायचा आकडा) बदला, चेकसम (चूक पकडणारी बेरीज) दुरुस्त करा, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डची जोडणी) असेल तर त्याचे ८ बाइट काढा. उलट दिशेने पोचपावत्या येतात त्या वेगळ्याच. सगळा भार लिनक्स कर्नलवर (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) टाकला तर गिगाबिट विसरा.

म्हणून या चिपमध्ये पॅकेटं पुढे ढकलणारं वेगळं इंजिन बसवलेलं आहे. कनेक्शनची सुरुवातीची पॅकेटं प्रोसेसरकडेच जातात. कर्नल कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये त्याची नोंद करतो, फायरवॉल हो-नाही ठरवतं. दोन्ही बाजूंनी कनेक्शन पक्कं झालं की ड्रायव्हर इंजिनच्या तक्त्यात एक ओळ लिहितो: हा पत्ता, हा पोर्ट नंबर आला की असा बदला आणि त्या पोर्टातून सोडा. पुढची पॅकेटं परस्पर जातात (यालाच ऑफलोड म्हणतात), प्रोसेसरला त्यांचा पत्ताही लागत नाही.

गोम इथेच आहे. प्रोसेसरने जे पाहिलंच नाही ते तो मोजणार कसं आणि रांगेत लावणार कसं? क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते ठरवणं), कोणत्या फोनने किती डेटा खाल्ला याचा हिशोब, काही पॅरेंटल कंट्रोल, या सगळ्यांना प्रत्येक पॅकेट दिसावं लागतं. त्यामुळे असं काही चालू केलं की अनेक कंपन्यांचं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) गुपचूप ऑफलोड बंद करतं आणि ९०० चे ३०० होतात. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर टाकता येणारं मुक्त फर्मवेअर, निदान गुपचूप काही करत नाही. फायरवॉलच्या पानावर सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंगचे पर्याय समोरच असतात. पण हार्डवेअरचा पर्याय चालू ठेवून एसक्यूएम (रांगा आवरून उशीर कमी करणारी सोय) लावलं, तर ते चालू दिसतं आणि ऑफलोड झालेल्या ट्रॅफिकवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

फर्मवेअर बदलल्यावर वेग पडतो त्याचं कारणही हेच. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये क्वालकॉमची ७२० मेगाहर्ट्झची चिप आहे. मूळ फर्मवेअर तिथलं हार्डवेअर नॅट वापरतं, ओपनडब्ल्यूआरटीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. हार्डवेअर जागेवर आहे, ते चालवणारं कोणी नाही.

शोध घ्यायचा तर आधी केबल. आकडा ९४ च्या आसपास अडकला असेल तर सेटिंगला हात लावू नका. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांपैकी एक तुटली तरी पोर्ट १०० वर उतरतो. दोष बहुधा क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवण्यात, सापडतो.

केबल ठीक असेल तर स्पीड टेस्ट चालू असताना एसएसएचवरून (राउटरमध्ये दुरून लॉगिन करून) एचटॉप, म्हणजे प्रोसेसरचा भार दाखवणारा प्रोग्रॅम, बघा. एकूण वापर २५ टक्के दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. चार थ्रेडपैकी एक १०० वर टेकलेला असू शकतो आणि बाकीचे तीन रिकामे. एका कनेक्शनचा भार सहसा एकाच थ्रेडवर पडतो. म्हणूनच एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडणाऱ्या टेस्टला जास्त वेग दिसतो आणि एकाच मोठ्या फाइलला कमी.

माझं मत: ५०० च्या वरचा प्लॅन असेल तर या चिपवर ऑफलोड चालू ठेवा, एसक्यूएम विसरा. १०० चा प्लॅन असेल आणि कोणी अपलोड लावलं की व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर ऑफलोड बंद करा आणि एसक्यूएमला मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के आकडा द्या. तेवढं ती चिप आरामात ओढते.

मोजणी मात्र केबल लावूनच करा. एमटी७६२१ मध्ये वायफायची चिप पीसीआयईवर (चिपांना जोडणाऱ्या वेगवान वाटेवर) वेगळी असते आणि तिची पॅकेटं प्रोसेसरमधूनच जातात; वायफायलाही ऑफलोडची सोय मीडियाटेकच्या पुढच्या एमटी७६२२ आणि एमटी७९८६ या चिपांमध्ये आली.